इतर दोष: पृथ्वी

लिलावघराच्या प्रतिमाशाळेत दिवे पांढरे होते, भिंती पांढऱ्या होत्या, आणि शालन चौगुले यांचा चेहरा तेवढा लालबुंद झाला होता.

"काय लिहिलंय ते पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा."

डॉ. केतकी उपळेकर यांना ते पुन्हा वाचायची मुळीच इच्छा नव्हती. पण समोरच्या वृद्ध बाईंनी आयुष्यभर कोल्हापुरातल्या शाळेत चित्रकला शिकवली होती आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला उभं करणारा त्यांचा आवाज अजून शाबूत होता. केतकीने मुकाट्याने पडद्यावरची ओळ वाचली.

"'मंगळावरचा मल्ल, अंक पहिला. पान सतरा: वाचनालयाचा शिक्का खोडलेला. शाईचे अवशेष शिल्लक. मूळ स्थिती लपवण्याचा प्रयत्न.'"

"म्हणजे आम्ही वाचनालयातनं पुस्तक ढापलं, शिक्का खरवडला आणि आता विकायला आणलं."

"असं यंत्र म्हणतंय, बाई. मी नाही म्हणत."

"यंत्राला काय बाप हाय? दुसऱ्याच्या बापाला चोर म्हणायला त्याचं काय जातंय!"

केतकी या प्रतिमाशाळेची प्रमुख होती. लिलावात येणाऱ्या प्रत्येक चित्रकथेची प्रतिमा आणि तिचं पक्कं वर्णन केतकीच्या सहीशिवाय बाहेर जात नसे. सहीखाली छापील वाक्य असे: 'ही प्रतिमा वस्तूशी प्रामाणिक आहे.' ती सही करताना तिचा हात आजवर कधी अडखळला नव्हता. आज मात्र तिने लेखणी उचललीही नव्हती.

काचेच्या मेजावर ते पातळसं, पिवळं पडलेलं पुस्तक उघडं होतं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शालनबाईंच्या वडिलांनी, बळवंत सुतारांनी, ते लिहिलं आणि काढलं होतं. तालमीतला एक पैलवान चुकून अग्निबाणात अडकतो आणि लंगोट-जांघियानिशी मंगळावर उतरतो, अशी ती कथा. त्या काळी शहाण्यासुरत्या माणसांनी नाकं मुरडली. आता तीच शहाणी माणसं, म्हणजे त्यांची नातवंडं, जगाच्या पाच खंडांत बसून या अंकासाठी एकमेकांच्या उरावर बसत होती.

शालनबाईंना पैशाचा सोस नव्हता. मूलबाळ नव्हतं, आणि आपल्यामागे घर आवरणारे लोक हे पुस्तक रद्दीत घालतील याची त्यांना धास्ती होती. आबांचं काम ज्याला दिसेल अशा माणसाच्या हाती ते पडावं, एवढीच इच्छा होती. आणि पडायच्या आधीच त्यावर चोरीचा डाग बसला होता.

केतकीने सतराव्या पानावर भिंग धरलं. पानभर एकच चित्र होतं. खाली तांबडी जमीन, तिच्यावर पाठमोरा उभा एकटा पैलवान, आणि त्याच्या माथ्यावर फिकट गुलाबी मोकळं आकाश. त्या आकाशात बाजरीच्या दाण्याएवढा एक निळा ठिपका होता. यंत्राला खटकला होता तो हाच.

"बाई, इकडे बघा," ती म्हणाली. "शिक्क्याची शाई कागदात मुरते, कडेने फुटते. हा ठिपका तसा नाही. हा बारीक बारीक ठिपक्यांचा बनलाय. निळ्यात थोडा पिवळाही आहे. ही छपाईची जाळी आहे. हा शिक्का नव्हेच."

"ते मला भिंग लावून सांगताय होय?" शालनबाई म्हणाल्या. "ती पृथ्वी हाय. आबांनी काढलेली. गडी मान वर करून कुठं बघतोय म्हणून काढलीय? घराकडं बघतोय त्यो."

केतकीने पुन्हा पाहिलं. पैलवानाची मान खरोखरच वर होती. हे पान तिने आजवर पुष्कळदा पाहिलं होतं, पण तो कशाकडे बघतोय हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. तिला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

एवढ्यात निरंजन फडतरे आत आले. लिलावघराचे संचालक. स्वतः प्रतिमाशास्त्र शिकलेले, पण सध्या त्यांचा सगळा वेळ आवाज गोड ठेवण्यात जात असे.

"मॅडम, दुपारचा लिलाव तोंडावर आलाय. या प्रतीची सही तेवढी राहिलीय."

"पारखी चुकलाय, सर," केतकी म्हणाली.

पारखी हे त्या यंत्राचं नाव. तो चुकतो असं म्हणणं या इमारतीत जरा अतीच होतं. फडतरे हसले.

"पारखीने जगातल्या सगळ्या ज्ञात प्रती पाहिल्यात. आपण दोघांनी मिळून पाहिल्या नसतील एवढ्या."

"हा पारखी करतो तरी काय, ते मला सांगा," शालनबाई खुर्ची ओढून बसल्या. "मी चित्रकलेची मास्तरीण हाय. सोपं करून सांगू नका, नीट सांगा."

फडतऱ्यांना समजावून सांगायला आवडत असे. तेही बसले.

"पूर्वी आम्ही छायाचित्रं पाठवायचो. पण गिऱ्हाइकाला आता कागदाचा तंतू न् तंतू बघायचा असतो, पान हातात धरल्यासारखं फिरवायचं असतं. एवढं मोठं चित्र एकाच वेळी जगभर पाठवणं परवडत नाही. म्हणून आम्ही चित्र पाठवतच नाही."

"मग ते काय बघतात?"

"प्रत्येक अंकाच्या सगळ्या प्रती अभ्यासून पारखीने त्याची एक आदर्श प्रत तयार केलीय. तिला आम्ही मूळपट म्हणतो. तो गिऱ्हाइकाच्या यंत्रात आधीपासूनच असतो. आम्ही इथून फक्त भेद पाठवतो, तेही शब्दांत. 'पान चार, कोपरा दुमडलेला. पान नऊ, चहाचा डाग, अमुक आकार, अमुक जागा.' तिकडचं यंत्र मूळपटावर तो कोपरा दुमडतं, तो डाग काढतं. झालं चित्र तयार."

"म्हणजे चहाचा डाग तुमचं यंत्र काढणार. त्याच्या मनानं."

"मनाने नाही, अनुभवाने. त्याने लाखो डाग पाहिलेत."

"आणि माझ्या प्रतीला 'खोडलेला शिक्का' लिहिलंत, तर तिकडच्या लोकांना काय दिसेल?"

केतकीने बोट फिरवलं आणि शेजारच्या पडद्यावर ग्राहकाला दिसणारं सतरावं पान आणलं. गुलाबी आकाशात लंबवर्तुळाकार, जांभळट, खरवडल्यासारखा फिकट डाग पसरला होता. निळा ठिपका कुठेच नव्हता.

शालनबाई तो डाग बघत राहिल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे माझ्या पुस्तकात न्हाई. जे न्हाई ते दाखवताय, आणि जे हाय ते पुसताय."

"सर, मूळपट ज्यांच्यावरून बनवला त्या प्रती काढते," केतकी म्हणाली.

गिऱ्हाइकांना दिसणारी चित्रं नव्हे, तर तिने त्या प्रती प्रथम दाखल झाल्या तेव्हाची कच्ची छायाचित्रं काढली. सतरावं पान, सगळ्या प्रतींचं, भिंतभर मांडलं. आणि तिच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं.

प्रत्येक सतराव्या पानावर शिक्का होता. मिरजेचं वाचनालय, सांगलीचं, निपाणीचं, गडहिंग्लजचं. लंबगोल, निळे-जांभळे, वाकडेतिकडे, पण सगळे त्याच आकाशात.

"त्यात काय नवल?" शालनबाई म्हणाल्या. "पहिल्या पानावरचा शिक्का चोर फाडून टाकायचे. म्हणून वाचनालयवाले आतलं एक पान ठरवून ठेवायचे, खुणेचं पान. आमच्या भागात सगळ्यांचं सतरावं. एकानं केलं की दुसऱ्यानं उचललं. आणि त्या पानावर मोकळी जागा कुठं, तर आबांच्या आभाळात. आबा लई चिडायचे. म्हणायचे, एवढी लांबनं पृथ्वी काढली आणि हे लेकाचे तिच्यावर शिक्का हाणतात."

केतकीला आता सगळं स्वच्छ दिसायला लागलं. घरोघरी गेलेल्या प्रती मुलांनी फाडल्या, आयांनी रद्दीत घातल्या. पुठ्ठा लावून दोऱ्याने शिवलेल्या वाचनालयांच्या प्रती तेवढ्या तगल्या. मूळपटासाठी पारखीने पाहिलेली एकूण एक प्रत शिक्क्याची होती. मूळपट करताना त्याने शिक्का हा डाग मानून काढला, आणि शिक्क्याबरोबर त्याच रंगाचा तो ठिपकाही गेला. कुठे कुठे अक्षरांच्या फटीतून ठिपका डोकावत होता, पण शिक्क्याच्या शाईचे शिंतोडे उडतात हे पारखी शिकलेला होता. शिकलेली गोष्ट तो विसरत नसे. म्हणूनच शालनबाईंच्या प्रतीतला एकटा ठिपका त्याला खोडलेल्या शिक्क्याची उरलेली शाई वाटला होता.

"सर, पारखीने पृथ्वी कधी पाहिलीच नाही. ती नाही हे त्याला माहीत नाहीये. ती दिसली नाही, एवढंच त्याला माहीत आहे. आणि आपण या दोन गोष्टी एकच धरून चाललोय."

फडतऱ्यांना ते पटलं. माणूस मूर्ख नव्हता. पण पटणं आणि परवडणं यांत त्यांच्या मते बरंच अंतर होतं.

"मॅडम, आजच्या लिलावाचं आकर्षण काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. याच अंकाची निर्मळ प्रत. बिनशिक्क्याची, न शिवलेली. पारखीने तिला 'भेद नाही' असा शेरा दिलाय. आजवर दुसऱ्या कुठल्याच चित्रकथेला तो मिळालेला नाही. आज आपणच म्हणायचं की मूळपट चुकलाय? लोक आपल्याला जोड्याने मारतील. बाईंची प्रत आपण मागे घेऊ. पुढच्या खेपेला बघू."

"मागं घेतलं तर लोक काय समजतील?" शालनबाईंनी विचारलं.

फडतऱ्यांनी खांदे उडवले. सही व्हायच्या आधीचं यंत्राचं कच्चं वर्णन सूचीत जाहीर झालं होतं. समजायचं ते लोक समजलेच असते.

"मी न्हाई मागं घेत," शालनबाई म्हणाल्या. "आणि या बाईंनी सही केली तर मी इथंच बसतो. उचलून बाहेर ठेवा, ठेवायचं तर."

"बाई, मी सही करत नाहीये," केतकी म्हणाली.

"मॅडम, तुमचा करार..."

"करारातच लिहिलंय, सर. प्रतिमा वस्तूशी प्रामाणिक आहे. ही नाही. सही हवी असेल तर आधी पृथ्वी पडद्यावर आणा."

"कशी आणणार? पारखीचा शब्दकोश ठरलेला आहे. दुमड, फाट, छिद्र, डाग, शिक्का. तुम्ही त्यात 'पृथ्वी' घालू शकत नाही. आणि मूळपट बदलायला सगळ्या जगातली यंत्रं थांबवावी लागतात, ते लिलावाआधी शक्य नाही."

ते खरं होतं. चित्र शब्दांतून तयार होत होतं आणि शब्द मोजके होते. जे त्या शब्दांत बसत नाही ते जगाला दिसणार नव्हतं. केतकी काचेच्या मेजाला टेकून उभी राहिली. तिला राग आला होता, आणि रागात तिचं डोकं चांगलं चालत असे.

"सर, तो डास आठवतो?"

"कसला डास?"

"पानांच्या मधे चिरडलेला. मागच्या वर्षी एका प्रतीत निघाला होता. पारखीला कळेना की हे काय आहे. मग आपण काय केलं?"

फडतऱ्यांचा चेहरा बदलला. "'इतर दोष'मध्ये टाकलं."

"बरोबर. कोशात नसलेला दोष यंत्राला काढता येत नाही. म्हणून नियम असा की 'इतर दोष' असेल तिथे त्या जागेचं कच्चं छायाचित्र, काहीही न बदलता, जसंच्या तसं पाठवायचं. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून. गुण दाखवायला आपल्याकडे रस्ता नाही, सर. दोष दाखवायला आहे."

तिने लेखणी उचलली. मग थांबली आणि शालनबाईंकडे वळली. हे त्यांना विचारल्याशिवाय करणं बरं नव्हतं.

"बाई, आबांनी काढलेल्या पृथ्वीला मला दोष म्हणावं लागेल. त्याशिवाय ती जाणार नाही."

शालनबाईंनी पुस्तकावर हात ठेवला, पान न दाबता, कडेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"आबांना लोकांनी उभा जन्म हेच म्हटलं," त्या म्हणाल्या. "पैलवान मंगळावर धाडला, डोक्यात दोष हाय. देवादिकांची चित्रं सोडून हे काढतोय, दोष हाय. त्यात आणि एक." मग त्या चक्क हसल्या. "लिहा. ठळक लिहा. पाहूदे सगळ्यांना दोष."

केतकीने 'खोडलेला शिक्का' ही ओळ स्वतःच्या अधिकारात रद्द केली आणि खाली लिहिलं: 'इतर दोष: पृथ्वी. पान सतरा, आकाशात. मूळ छपाईतली.' पारखीने कोश चाळला, असा दोष सापडला नाही, आणि निमूटपणे त्या जागेचं कच्चं छायाचित्र जोडलं. केतकीने सही केली. फडतऱ्यांनी अडवलं नाही. केतकीच्या सहीशिवाय त्यांचा लिलाव सुरूच होत नव्हता, हे त्यांनाही कळत होतं.

लिलाव सुरू झाला आणि पहिला काही वेळ लोकांनी त्या ओळीची टवाळी केली. दोषांच्या रकान्यात ग्रहगोल कसले? मग कोणीतरी ते छायाचित्र मोठं करून पाहिलं. जाळीचे निळे ठिपके, मधे पिवळ्याचा अंश, आणि वर मान केलेला पैलवान. निपाणीच्या शिक्क्याची प्रत ज्याच्याकडे होती, त्या कॅनडातल्या एका गृहस्थाने कपाटातून स्वतःची प्रत काढली, भिंग घेतलं आणि लिहिलं, 'माझ्याकडे वाचनालयाच्या नावातल्या शेवटच्या अक्षराखाली आहे!' पाठोपाठ मिरजेची प्रत बोलली, मग सांगलीची. लोक लिलाव विसरून भिंगं शोधायला लागले. जो तो आपल्या शिक्क्याखाली पृथ्वी शोधत होता आणि प्रत्येकाला ती सापडत होती.

शालनबाई पडद्यासमोर बसून एकेक संदेश वाचत होत्या. "बघा की, सगळीकडं हाय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मग एक साधा प्रश्न आला. कोणी विचारला ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. 'निर्मळ प्रतीवर शिक्का नाही. मग तिच्यातली पृथ्वी सगळ्यांत स्वच्छ दिसली पाहिजे. कच्चं छायाचित्र दाखवाल का?'

फडतऱ्यांनी केतकीकडे पाहिलं. केतकीने तिजोरीतून निर्मळ प्रत मागवली. ती प्रत पारखीने तपासली होती, आणि भेद नाही म्हटल्यावर माणसाने पान उलटायचं काही कारणच नव्हतं. केतकीने सतरावं पान उघडलं.

गुलाबी आकाश कोरं होतं.

तिने भिंग लावलं. खोडल्याची खूण नाही, खरवड नाही, कागदाचा तंतूसुद्धा हललेला नाही. पैलवान मान वर करून कशाकडेही बघत नव्हता.

"कागद जुना आहे," फडतरे पुटपुटले. "शाई त्याच पद्धतीची आहे. मी स्वतः..."

"कागद जुना मिळतो, सर. शाई बनवता येते. पण हे आकाश कुठून आणलं? पृथ्वी नसलेली प्रत छापखान्यातून कधी बाहेरच पडली नव्हती. असं आकाश जगात एकाच ठिकाणी आहे."

फडतऱ्यांना ते ठिकाण सांगावं लागलं नाही. पारखीच्या मूळपटात. जो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या यंत्रात फुकट जाऊन बसला होता. ज्याला छापायचं होतं, त्याने तो घरबसल्या छापला होता. आणि मग त्या छापाला पारखीसमोर ठेवल्यावर पारखी बिचारा दुसरं काय म्हणणार? त्याला त्याचंच तोंड दाखवलं होतं. भेद नव्हताच.

"आणि जगभर लोक बघत होते ती निर्मळ प्रत?" शालनबाईंनी विचारलं.

"तिचा एक कणही कोणी पाहिला नाही," केतकी म्हणाली. "भेद नाही, म्हणून आम्ही काही पाठवलंच नाही. सगळे आपापल्या यंत्रातलं चित्र बघून मान डोलवत होते."

निर्मळ प्रत लिलावातून काढली गेली. फडतऱ्यांनी तसं स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं, आणि ते करताना आवाज गोड ठेवायचा प्रयत्न केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. शालनबाईंची प्रत मिरजेच्या त्याच वाचनालयाने घेतली, ज्याचा शिक्का भिंतीवर सगळ्यांत वाकडा दिसत होता. मुलांच्या दालनात काचेखाली ठेवू, असं त्यांनी कळवलं. शालनबाईंनी अट घातली की शिक्का मारायचा झाला तर मलपृष्ठावर.

सगळं आवरत आलं तेव्हा पारखीने पडद्यावर नवी ओळ दाखवली. दिवसभरात इतक्या प्रतींत तोच ठिपका आढळल्यामुळे त्याने आपला निष्कर्ष काढला होता.

'पान सतरा: पृथ्वी हा दोष नसून मूळ भाग असावा. मूळपटात समाविष्ट करून "इतर दोष" ही नोंद रद्द करायची का?'

"चला, शिकला एकदाचा," फडतऱ्यांनी सुस्कारा सोडला. "बाई, अभिनंदन. तुमच्या आबांवरचा दोष गेला. मॅडम, 'हो' म्हणा."

केतकीचं बोट 'हो' वर गेलं होतं. तिथेच ते थांबलं.

"हो म्हटलं की पृथ्वी मूळपटात जाईल," ती सावकाश म्हणाली. "मूळपट सगळ्यांच्या यंत्रांत जाईल. मग प्रत कोणतीही आणा, खरी असो, खोटी असो, पृथ्वी असो वा नसो, पडद्यावर ती दिसणारच. कच्चं छायाचित्र जाणार नाही. आणि ज्याने कोरं आकाश छापलं, तो उद्या पृथ्वी घालून छापेल. पारखी म्हणेल, भेद नाही."

"मग काय आबांना कायमचं दोषी ठेवणार?" फडतरे म्हणाले. "बाईंना तरी विचारा."

शालनबाई पिशवी आवरत होत्या. त्यांनी पडद्यावरची ओळ चष्मा पुढेमागे करून दोनदा वाचली.

"केतकी," त्या पहिल्यांदाच नावाने हाक मारून म्हणाल्या, "एकदा 'बरोबर' म्हटलासा की पुसून टाकतील. चूकच राहू दे आमच्या आबांची. चूक हाय तवर तरी लोक पान उघडून बघतील."

केतकीने 'नाही' दाबलं. कारणाचा रकाना समोर आला. त्यात तिने लिहिलं, 'दोष कायम ठेवावा,' आणि खाली सही केली.